मालकाने गाडीजवळ हजर राहावे

त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच साळसूदपणाचा आव आणण्यात काय अर्थ आहे? ताईला विचाराल तर ती म्हणेल, "काही नाही गं, मी रक्त घेते आणि गाडी चार्ज करते." चार वर्षं जे काही केलं ते तिने तोंड मिटून केलं. मला तोंड मिटणं जमत नाही, म्हणून तिची गोष्ट मी सांगतेय.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. पहाटे पाचला बाहेर, अकराला लॅबमध्ये ट्यूबा जमा, साडेबाराला घरी. तेवीस वर्षं हेच. हात इतका हलका की माणसं डोळे घट्ट मिटून बसतात आणि तिची पट्टी लावून झाली तरी विचारतात, "टोचलंत का?" बिल्डिंगमधली मुलं तिला टोचताई म्हणतात. लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणते, "पहाटे चारला उठून मला चहा करून देणारा भेटला तर सांगा, आजच करते." आई तिच्याजवळच राहायची. मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे.

आधी ताईकडे स्कूटर होती. मागे बर्फाची पेटी बांधायची आणि निघायची. एकदा खड्ड्यात गेली ती थेट आडवी. ताईला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण अकरा माणसांचं रक्त रस्त्यावर. त्या अकरा घरी पुन्हा जाऊन, शिव्या खाऊन, पुन्हा टोचून आली. त्यानंतर तिने गाडी घेतली. छोटीशी, पांढरी, विजेवर चालणारी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हटलं, "याला किल्ली पाठीत द्यायची की पोटात?"

पण तिचा त्या गाडीवर जीव जडला. पहाटे गल्लीत शिरली तरी कुत्रंसुद्धा मान वर करत नाही, ह्याचं तिला फार कौतुक. उलट माणसं रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालायची आणि मागे गाडी आलीय याचा पत्ताच नाही. मग ही काच खाली करून, "सरका हो दादा, सरका हो वहिनी" करत जायची. तिचा सगळा हिशेब टक्क्यांत सुरू झाला. फोनवर कशी आहेस विचारलं तर म्हणायची, "छप्पन्न आहे." एसी लावला की टक्के भराभर उतरतात, म्हणून ऐन उन्हाळ्यात एसी बंद, गळ्यात नॅपकिन, आणि पेटीतल्या ट्यूबा मात्र गारेगार. कंपनीने सांगितलं होतं त्याच्या पाऊणपटच गाडी चालते, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण चिडली नाही. मोठ्या पुलावर चढताना दोन टक्के जातात आणि उतरताना पायडलवरचा पाय काढला की एखादा परत येतो, हे मला दाखवायला ती मुद्दाम वाट वाकडी करून घेऊन गेली होती. "बघ, परत देते," म्हणाली. "माणसं देतात का कधी?"

पहिलं वर्ष असं सुखाचं गेलं. मग मधे आला तो सेक्रेटरी.

पहिल्या मजल्यावर राहणारा, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. सगळे काका म्हणायचे. मी नियमावली म्हणते. घरात बायकोशीही तो लेखी भाषेत बोलत असेल अशी माझी खात्री आहे. याच्या फोनवर कुणीतरी कुठल्यातरी जळणाऱ्या गाडीचा व्हिडिओ पाठवला. गाडी कुठली, देश कुठला, कशाने पेटली, काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी याने सभा बोलावली आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी कागद लागला:

"विद्युत वाहन चार्ज होत असताना वाहनमालकाने वाहनाजवळ स्वतः हजर राहावे. प्रतिनिधी चालणार नाही. चार्जिंगची वेळ दुपारी एक ते सहा. दर अर्ध्या तासाने रजिस्टरमध्ये सही करावी. एका दिवशी एकदाच प्लग लावता येईल. मालक गैरहजर आढळल्यास आठ दिवस चार्जिंग बंद."

अख्ख्या बिल्डिंगमध्ये विजेची गाडी एकच, ताईची. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? बसायचं दुसऱ्यालाच होतं! मला कळलं तेव्हा डोक्यात तिडीकच गेली. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. "काका, गॅसचं सिलिंडर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. त्याच्याजवळ सह्या करत बसता का?" त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आपण या सोसायटीच्या सभासद नाही," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

बाहेर चार्ज करून बघितलं ताईने. जवळचं चार्जिंग स्टेशन शॉपिंग सेंटरच्या मागे. तिथे कधी रांग, कधी मशीन बंद, कधी कुणीतरी पेट्रोलची गाडी चार्जिंगच्या जागेत लावून आत खरेदीला गेलेला. दोन-दोन तास जायचे आणि इकडे वर आई एकटी. त्यापेक्षा खाली बसलेलं बरं म्हणून ताई खाली बसायला लागली. पंपाची खोली आणि खांब यांच्यामध्ये एक प्लास्टिकचं स्टूल टाकलं. डास, दमट वास, डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट. दुसऱ्या दिवशीच्या ट्यूबांवर नावांची लेबलं चिकटवायची, फळ खायची, बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. मोबाइलला तिथे रेंज येत नाही. नियमावली अधूनमधून टॉर्च घेऊन यायचा, तिच्यावर टाकायचा, ती आहे ना ते बघायचा आणि जायचा. ताई हसायची. "मोजणी झाली का काका?" म्हणायची.

असं दीड वर्ष गेलं. मधल्या काळात आईला झटका येऊन गेला होता, डावी बाजू अधू झाली होती. वॉकर धरून घरातल्या घरात चालायची. कामाच्या बाई सकाळपासून एकपर्यंत असायच्या. एकनंतर ताई. म्हणजे कागदावर ताई. प्रत्यक्षात ताई खाली.

त्या दिवशी सकाळपासून आई म्हणत होती, "कसंतरीच होतंय गं." ताईने दुपारी ब्लडप्रेशर बघितलं, ते जरा जास्त होतं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले संध्याकाळी येतो. आदल्या दिवशी दुपारभर वीज नव्हती, गाडीत चौदा टक्के उरले होते. दुसऱ्या दिवशी सोळा घरं होती. ताईने आईला पाणी दिलं, फोन उशाशी ठेवला आणि खाली जाऊन प्लग लावला. दोनच्या सुमारास नियमावली टॉर्च घेऊन आला, तेव्हा तिने त्याला विचारलं. "काका, आईला बरं वाटत नाहीये. मी मधे मधे पाच मिनिटं वर जाऊन येऊ का?"

"तशी तरतूद नाही."

"पाचच मिनिटं, काका."

"वर जायचं तर प्लग काढून जा. मग आज पुन्हा लावता येणार नाही, एवढं लक्षात ठेव."

ताई बसली. पावणेचारपर्यंत बसली. मग तिला राहवेना. प्लग तसाच टाकून ती जिन्याने चार मजले पळत वर गेली. आई बाथरूमच्या दाराशी पडलेली होती. हातात फोन. त्यावरून ताईला सहा वेळा फोन केलेले. सहाही वेळा ताई संपर्काच्या बाहेर. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल.

पुढचं ऐका. चौथ्या दिवशी नियमावली भेटायला आला. काकूही होत्या बरोबर, म्हणजे त्याची बायको. बिचारी फार सज्जन बाई. ताईला जवळ घेऊन रडली. हा खुर्चीत बसला, दोन सुस्कारे टाकले, वयाचं वगैरे बोलला. उठताना काखेतून रजिस्टर काढलं. "त्या दिवशी तू गेलीस ती वेळ लिहायची राहिलीय," म्हणाला. मी तोंडात मारायला उठलेच होते. ताईने माझा हात दाबला, पेन घेतलं आणि लिहिलं, तीन पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस: मालक गैरहजर, आठ दिवस चार्जिंग बंद. मी ती टराटरा फाडली. त्याने दुसरी लावली, प्लास्टिकच्या पाकिटात घालून.

मी दात-ओठ खात होते. पोलिसात जाऊ, पेपरात देऊ, त्याच्या दारावर शेण फेकू, काय वाटेल ते बडबडत होते. ताई ओट्याशी उभी राहून आईची औषधं एकेक पिशवीत भरत होती. न वळता म्हणाली, "याला मी तिथे बसवीन."

"कुठे?"

"खाली. आई होती तशीच काकू वर असेल, आणि हा खाली बसेल. तेवढंच हवंय मला. बाकी काही नको."

मला वाटलं, दुःखात बोलतेय. पण ताई बोलली ते बोलली.

पुढच्या वर्षी सोसायटीची निवडणूक आली. ताईने अर्ज भरला. आता बघा, बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांचं रक्त हिने काढलेलं. कुणाची साखर किती, कुणाचं थायरॉइड कसं, कुणाच्या मुलीला कावीळ झाली तेव्हा रविवारी पहाटे कोण धावलं होतं, हे सगळ्यांना माहीत. प्रचार करावाच लागला नाही. नियमावलीला मतं पडली पाच, त्यात दोन त्याच्या घरचीच. ताई सेक्रेटरी झाली. मी आनंदाने टाळ्या पिटल्या. म्हटलं, चला, सुटली बाई एकदाची त्या स्टुलावरून.

पहिल्याच सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने विषय काढला. त्यांनीही तोवर विजेची गाडी घेतली होती. "ताई, तो बसायचा नियम आता रद्दच करून टाका." सगळे हसले, कारण ती करणार यात शंकाच नव्हती. आणि ताई म्हणते काय, "नियम चांगला आहे. सुरक्षेचा प्रश्न आहे. राहू दे."  ते जोडपं फणकाऱ्याने उठून गेलं. तेव्हापासून त्यांची गाडी ऑफिसात चार्ज होते आणि ते ताईशी बोलत नाहीत.

मी घरी येऊन तिला उभीआडवी झापली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चावी तुझ्या हातात, शिक्का तुझ्या हातात, आणि परत तू जाऊन त्या डासांत बसणार?"

"नियम काढून टाकला तर त्याला कशाने बसवू?" ताई म्हणाली.

तेव्हा मला कळलं, ही गळ टाकून बसलीय. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर रोमांच आले. दुपारी एक ते सहा, सेक्रेटरी स्वतः, दर अर्ध्या तासाला सही करत, कुणी बघत असो नसो. एक दिवस चुकवला नाही. नियम जिवंत राहायला कुणीतरी तो पाळत राहायला हवा होता ना!

दुसरीकडे तिने नियमावलीला घोळात घ्यायला सुरुवात केली. त्याची पेट्रोलची गाडी म्हातारी झाली होती, सुरू करताना खोकायची. काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असलं की ताई म्हणायची, "काका, तुमची कशाला काढता? माझ्या गाडीतून चला." तोही फुकटचा म्हटल्यावर तयार. मोठ्या पुलावरून उतरताना त्याला दाखवायची, "बघा काका, परत आला एक टक्का." त्याचे डोळे चमकायचे. तो खोदून खोदून विचारायचा. सर्व्हिसिंग किती वेळा, बॅटरी किती वर्षं, ऑइल खरंच बदलावं लागत नाही का. ताई एकेक प्रश्नाचं शांतपणे उत्तर द्यायची. एका शब्दाने खोटं बोलली नाही. बसायच्या नियमाबद्दल त्यानेच कधी विचारलं नाही, कारण तो फक्त दुसऱ्यांसाठी असतो अशी त्याची समजूत. दहा महिने हे चाललं आणि मग त्याने गाडी घेतली. निळी, ताईच्या गाडीच्या दीडपट मोठी, आत टीव्हीएवढा पडदा.

पहिल्या दिवशी दुपारी एकला तो प्लग घेऊन खाली आला. मी मुद्दाम अर्धी रजा टाकून आले होते. ताईने चार्जिंगच्या प्लगच्या पेटीचं कुलूप काढलं आणि रजिस्टर त्याच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"मालकाने स्वतः हजर राहावे, काका. सही करा आणि बसा."

तो हसला. मग ताईच्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबलं. "अगं, आता तू सेक्रेटरी आहेस. काढून टाक की तो."

"सर्वसाधारण सभेत मांडा."

त्याने मांडला ना! एवढं भाषण केलं. सभेने हौसेने पाडला. ज्याच्या ज्याच्या चपलांच्या स्टँडवरून, कुंड्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून याने आजवर नोटिसा काढल्या होत्या, त्या सगळ्यांनी हात वर केले. शेवटी तो म्हणाला, "मी ज्येष्ठ नागरिक आहे, मला काही सवलत?" ताई कागदावरून मान वर न करता म्हणाली, "तशी तरतूद नाही."

आहाहा! काय सांगू तुम्हाला. मी महिन्यातून दोन-तीनदा तरी तो सोहळा बघायला जायची. दोन गाड्या समोरासमोर, दोघं समोरासमोर. ताई स्टुलावर, हा घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पेपर, सारखा पोटऱ्यांवर फटाफट हात मारतोय. पाठ दुखते म्हणून त्याने उशी आणली तर मी विचारलं, "काका, उशीची तरतूद आहे का?" थर्मासमधून ताईला चहा ओतून द्यायची आणि त्याच्यासमोर सावकाश झाकण लावायची. माझ्या जिवाला थंडावा मिळायचा. ताई मात्र हसायची नाही. ती वाट बघत होती. तिला हवा होता तो दिवस अजून आला नव्हता.

तोही आला. काकूंना साखरेचा त्रास, इन्शुलिन चालू. त्या सकाळी ताईच त्यांचं रक्त घेऊन आली होती. साखर फार खालीवर होतेय, जेवण चुकवू देऊ नका, असं तिने नियमावलीला सांगितलंही होतं. त्यात तिने कसूर केली नाही, हे माझ्या बहिणीबद्दल लिहून ठेवा. दुपारी हा खाली आला तेव्हा त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. आदल्या दिवशी मुलीला विमानतळावर सोडून आला होता, गाडी अगदी तळाला गेलेली. प्लग लावला, सही केली, बसला, उठला, परत बसला. पेपर उलटा धरला होता. मी ताईच्या बाजूला गाडीला टेकून उभी होते. दहा-बारा मिनिटं झाली असतील. तो ताईपुढे येऊन उभा राहिला.

"हिने सकाळपासून धड खाल्लं नाहीये," म्हणाला. "पाच मिनिटं वर जाऊन येऊ का?"

  ताईच्या हातात लेबलांची पट्टी होती, ती तिने मांडीवर ठेवली. काकूंनी तिला जवळ घेतलं होतं, ते तिला आठवलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण तिने म्हटलंच.

"वर जायचं तर प्लग काढून जा, काका. आज पुन्हा लावता येणार नाही."

हे ऐकायला मी आई गेल्यापासून थांबले होते. आता हा गयावया करेल, चिडेल, वरच्या दिशेने बघेल, पडद्याकडे बघेल, आणि बसेल. बसला की मी त्याला काय म्हणायचं तेही माझं पाठ होतं.

"बरं," तो म्हणाला. वळला, प्लग काढला, वायर हुकावर टाकली आणि चपला फटफटत लिफ्टकडे गेला. गाडीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

 ओठांवर आलेलं सगळं तिथेच राहिलं. ताई त्या वायरकडे बघत होती.

"किती होती गं त्याची?" तिने विचारलं.

मी जाऊन काचेतून बघितलं. "नऊ टक्के."

"नऊ," ताई म्हणाली. "माझी चौदा होती."

मग एकदम उठली आणि पळाली. स्वतःचा प्लग तसाच ठेवून. मी तिच्यामागे. काकू पलंगावर घामाने निथळत होत्या, काहीतरी बरळत होत्या, आणि नियमावली चमच्याने साखरेचं पाणी त्यांच्या ओठांत घालत होता. अर्धं गळ्यावर सांडत होतं. ताईने चमचा त्याच्या हातून घेतला. बोटाला टोचून साखर बघितली, बेचाळीस होती. आणखी पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत बघितली. हळूहळू काकू माणसांत आल्या, ओळखीचं बघायला लागल्या. वेळेवर आला होता तो. अजून तासभर खाली बसला असता तर कठीण होतं.

"काका, तुमची गाडी तशीच राहिली," मीच म्हणाले. काहीतरी टोचून बोलायचंच होतं मला.

"गाडीचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. तो काकूंचा गळा टॉवेलने पुसत होता. "गाडी काय, उद्या चार्ज होईल."

आपण काय बोललो ते त्याला कळलं की नाही, देव जाणे. काकूंना कळलं. त्यांनी ताईचं मनगट धरलं. ताईने ते हळूच सोडवून घेतलं आणि सुई डबीत टाकली.

घरी आल्यावर मी तिच्याशी भांडले. त्याला पेन्शन आहे, मी म्हटलं. त्याला दुसऱ्या दिवशी उठून जायचं कुठे होतं? तुझी सोळा घरं होती. एक दिवस गेली नसतीस तर लॅबवाल्यांनी ऐकलं असतं का? तो सहज उठू शकला, कारण त्याचं काही अडत नव्हतं. आणि नियम कुणाचा होता? ताई ऐकत होती. मग म्हणाली, "लॅबला एक फोन केला असता तर त्यांनी दुसरं कुणी पाठवलं असतं. मागे मला ताप आला तेव्हा पाठवलं होतं." पुढे म्हणाली, "मी त्याला विचारत बसले गं. विचारायचं काय होतं त्यात?"

याला आता सात महिने झाले. नियमावली खाली बसत नाही. शॉपिंग सेंटरमागे आता नवी मशिनं आलीत, तिथे जातो आणि एसी लावून गाडीतच पेपर वाचतो. काकू ठीक आहेत. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं ऑफिसातच चार्ज करतं. खाली फक्त ताई बसते. रोज, एकपासून. जेवून ताट तसंच ठेवते आणि उतरते.

परवा मी गेले होते. तिला म्हटलं, "आता पुरे कर. तो नियम ज्याच्यासाठी ठेवला होतास तो पळाला. रद्द कर आणि वर चल."

"आई वर होती तेव्हा चालला ना मला नियम?" ताई म्हणाली. "मग आता काय बिघडलं?"

मग मला राहवेना. चार वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या, त्याच्यासमोर चहाचं झाकण लावलं, त्याच्या पोटऱ्यांना डास चावताना बघून खूश झाले. आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. ती मी तिथे, पंपाच्या आवाजात, ताईला सांगून टाकली. आईचे सहा फोन तुला होते. सातवा मला होता. माझ्या फोनला रेंज होती. परीक्षेचे फॉर्म भरायची गर्दी होती, मी नाव बघितलं, म्हटलं नंतर करते, आणि फोन पालथा ठेवला. नंतर तुझाच आला.

ताईने लेबल ट्यूबवर चिकटवलं, अंगठ्याने नीट दाबलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "फोन माझ्याकडेच होता ना तिचा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

 राग नव्हता तिच्या तोंडावर, पण मायाही नव्हती. मग तिने नियमावलीची ती घडीची खुर्ची खांबामागून ओढून काढली, उघडली, आणि आपल्या स्टुलाशेजारी ठेवली.

"बस," म्हणाली.

मी बसले. गाडी भरायला अजून तीन तास होते.